ओ काकू, झिरो बघा!

आमच्या गावात उन्हाळा फेब्रुवारीत सुरू होतो आणि दिवाळीच्या सुमारास जरा दम खातो. त्यामुळे स्कूटीवर बसणारी प्रत्येक बाई आधी स्कार्फ बांधते. हे बांधणं साधंसुधं नसतं. कपाळावरून एक वेढा, नाकावरून दुसरा, मानेमागे गाठ, वर गॉगल आणि कोपरापर्यंत मोजे. एवढं झालं की जालना रोडवर कोण आई, कोण लेक आणि कोण दरोडेखोर हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एकदा क्रांती चौकाच्या सिग्नलला माझा सख्खा नवरा शेजारी येऊन थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि अदबीनं गाडी बाजूला घेऊन मला वाट करून दिली. त्यावरूनच कळलं, की यानं मला ओळखलेलं नाही.

तर अशी बांधलेली मी पेट्रोल पंपावर उभी होते. पोऱ्या आला.

"कितीचं टाकू, दीदी?"

"दोनशेचं."

दीदी! आत स्कार्फमध्ये मी एकटीच हसले. पण पर्समधून पैसे काढायचे तर गॉगल वर करावा लागतो, आणि गॉगल वर करायचा तर स्कार्फ सैल करावा लागतो. तो सैल झाला आणि त्यातून एक पांढरी बट बाहेर आली. पोऱ्याच्या हातात नळी, नजर त्या बटेवर.

"झिरो बघा, काकू."

मी मुकाट्यानं झिरो बघितला. मीटरचं आणि माझं, दोघांचंही मघाचं सगळं पुसलं गेलं होतं.

माझ्यामागे आमचे हे उभे होते. वयानं माझ्याहून मोठे. डोक्यावरचे केस म्हणाल तर दोन कानांमागे बंदोबस्ताला ठेवल्यासारखे तेवढेच उरलेले. त्यांना त्याच पोऱ्यानं विचारलं, "बोला साहेब, फुल करू?" ह्यांनी पन्नासचं टाकलं. तरी साहेब ते साहेबच.

गंमत बघा. बाप्याला हाक मारायला काही अक्कल लागत नाही. साहेब, सर, शेठ, बॉस, यातलं काहीही ठोकून द्यावं, माणूस खूश. बाईला हाक मारायची तर समोरच्याला मनातल्या मनात आख्खी जनगणना करावी लागते. वय किती, मंगळसूत्र आहे का, पायात जोडवी आहेत का, सोबत पोर आहे का, ते कडेवर आहे की कॉलेजात. एवढं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकून तो बिचारा 'ताई' किंवा 'काकू' असा निकाल देतो. निकाल आपल्या बाजूनं लागला तर मुलगा किती संस्कारी! विरुद्ध लागला तर आजकालच्या पोरांना वळण म्हणून नाही. आमच्या शहराचं नाव बदलायचं तर मोर्चे झाले, ठराव झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि केंद्राची मंजुरी यायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. माझं नाव घर ते ऑफिस एवढ्या अंतरात चारदा बदलतं, कुणाच्या बापाची मंजुरी लागत नाही.

हे प्रेमानं म्हणतात की अपमान करतात, यावर मी आणि माझी एक मैत्रीण डब्याच्या सुट्टीत कायम भांडतो. ती म्हणते, अनोळखी माणसानं आपल्याशी नातं जोडायचं कारणच काय? मी म्हणते, जोडू दे की. नातं लावलं तर धक्का मारायच्या आधी निदान विचार तरी करेल. त्यावर ती म्हणते, तसं काही नसतं. 'मावशी, सरका' म्हणून मारलेला धक्का नुसत्या धक्क्यापेक्षा जास्त लागतो.

औरंगपुऱ्याच्या मंडईत मात्र मला तिचं म्हणणं पटायला लागतं.

"ताई, मेथी घ्या. सकाळचीच हाये."

"कशी दिली?"

"वीसला जुडी."

"दहाला दे."

"न्हाई परवडत हो काकू."

"बरं, बाराला?"

"मावशे, सकाळच्या पारी डोकं नका खाऊ."

जुडी तीच होती. माझं मात्र ताईपासून मावशीपर्यंत आयुष्य सरलं. आणखी एकदा घासाघीस केली असती तर आजी झाले असते.

गुलमंडीवरच्या साडीच्या दुकानात हेच शास्त्र फार पुढे गेलेलं आहे. पैठण हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पैठणी विकणाऱ्या माणसाच्या जिभेवर रेशीम असतंच. मी एकटी गेले तर 'ताई'. हे सोबत असले की लगेच 'वहिनी'. पण हे 'वहिनी' मला नसतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. "वहिनींना हा मोरपंखी खुलतोय, काय साहेब?" असं तो म्हणतो तेव्हा मी आरशात बघत असते आणि तो ह्यांच्या खिशाकडे. सासूबाईंना नेलं तर तो थेट 'आई' म्हणतो. गादीवरून उठून पाण्याचा पेला देतो. "आई, तुम्ही नुसत्या बसा, मी दाखवतो." आई म्हणून त्यानं सासूबाईंच्या गळ्यात जी साडी मारली, तशी त्यांच्या पोटच्या पोरानं कधी आणली नव्हती. दोन धुण्यांत रंग गेला. सासूबाई अजून म्हणतात, "पोरगा फार गुणी होता हो."

शहागंजला गेलं की भाषा बदलते, नातं बदलतं, भाव तोच राहतो. तिथला फळवाला मला 'आपा' म्हणतो. "लेव ना आपा, शक्कर है शक्कर." मी एकदा त्याला म्हटलं, "मागच्या वेळी खाला म्हणाला होतास." तो द्राक्षं तोलता तोलता म्हणाला, "वो तो आम का सीजन था आपा." याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण त्यानं ते इतक्या सहज सांगितलं, की आंब्याच्या दिवसांत आपण जरा म्हाताऱ्या दिसतो असं मी धरून चालले आहे.

माझं माहेर पैठण. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. योजनेचं नाव महिला सन्मान योजना. म्हणजे सन्मान पन्नास टक्के, उरलेले पन्नास रोख. माझी तक्रार नाही, मिळेल तेवढा सन्मान घ्यावा. पण घोटाळा असा, की ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धंच तिकीट असतं. परवा कंडक्टर आला, म्हणाला "कुठं?" मी म्हटलं "पैठण." त्यानं यंत्रावर बोटं आपटली, तिकीट फाडून हातात दिलं आणि पुढच्या सीटकडे गेला. ना वय विचारलं, ना कार्ड. तिकिटावरची छपाई इतकी फिकी, की पैठण सोडता काही वाचता येईना. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. ह्यानं अर्धं दिलं ते बाई म्हणून, की म्हातारी म्हणून?

बिडकीनपर्यंत धीर धरला. ढोरकीन आल्यावर राहवेना.

"अहो, हे तिकीट कशातलं?"

"अर्धं हाये."

"ते दिसलं. पण महिलांचं की ज्येष्ठांचं?"

कंडक्टरनं माझ्याकडे, मग तिकिटाकडे, मग बसच्या टपाकडे पाहिलं. "मावशी," तो म्हणाला, "दोन्हीला पैसे तेवढेच लागतेत."

बसमधल्या बायका हसल्या. पुरुष हसले नाहीत. ते बायकांसाठी राखीव असलेल्या जागांवर झोपले होते.

आता यात दरवेळी अपमानच असतो असंही नाही, आणि खरी अडचण तीच आहे. माझी एक वर्गमैत्रीण नायब तहसीलदार आहे, मराठवाड्यातल्याच एका तालुक्याला. खुर्चीत ती, टेबलावर तिच्या नावाची पाटी, दाराबाहेर शिपाई. एक आजोबा काठी टेकत आत आले.

"साहेब कुठं हायेत?"

"मीच साहेब. बोला."

"बरं. कधी येणार हायेत?"

"अहो बाबा, मीच."

"असू दे माय. तू बस निवांत. मी थांबतो."

आणि ते खरंच थांबले. तिनं त्यांना चहा पाजला, कागद मागून घेतले, तपासले, सही केली, शिक्का मारला. आजोबांनी कागद कपाळाला लावला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जाता जाता म्हणाले, "साहेब आले की सांग बरं माय, काम झालं म्हणून."

"रागवायचं तरी कसं?" ती मला म्हणाली. "माझ्या बापानंसुद्धा मला इतक्या मायेनं माय म्हटलं नसेल. पण पगार मला साहेबाचाच मिळतो गं, मायचा नाही." आमच्याकडे इथं उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. तिथं न्यायमूर्ती बाई असल्या तरी वकिलांच्या तोंडून बऱ्याचदा 'माय लॉर्ड'च निघतं म्हणे. त्या आजोबांना तिथं नेलं पाहिजे. निदान अर्धं तरी त्यांच्या मनासारखं होईल.

घरात वेगळाच थाट. आमचे हे मला 'अगं' म्हणतात. पाहुण्यांत 'आमच्या मिसेस'. मित्रांत 'होम मिनिस्टर'. खातं दिलंय, बजेट नाही. पण ह्यांचं काय घेऊन बसलात, ह्यांचे वडील सासूबाईंना 'आमची मंडळी' म्हणायचे. एकट्या बाईला अनेकवचनी करून दहा जणांचं काम काढून घ्यायची ती जुनी पद्धत.

पेपरात आलं होतं, मार्च २०२४ मध्ये. कोलकाता उच्च न्यायालयानं सांगितलं, की अनोळखी बाईला 'डार्लिंग' म्हणणं हा लैंगिक छळाचा गुन्हा आहे. ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बघ. आता मला तुला डार्लिंग म्हणता येणार नाही."

"आधी कधी म्हणत होतात?"

"तसं नाही, पण मार्ग बंद झाला ना."

"त्यात अनोळखी बाई म्हटलंय."

"मग बरोबरच आहे," हे म्हणाले. "त्या दिवशी सिग्नलला मी तुला कुठं ओळखलं होतं?"

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं एक पुस्तिकाच काढली. धनंजय चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते, म्हणजे आपलाच मराठी माणूस. निकालपत्रात बायकांबद्दल कुठले शब्द टाळायचे आणि त्याऐवजी काय लिहायचं, याची त्यात यादी आहे. त्यात 'आज्ञाधारक पत्नी', 'चांगली पत्नी' असं न लिहिता नुसतं 'पत्नी' लिहा, असं सुचवलंय. हे ऐकून ह्यांची छाती फुगली. "हे तर मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून पाळतोय. तुला एकदा तरी चांगली म्हटलंय का?"

आमच्या घरी धुण्याभांड्याला मावशी येतात. मावशी माझ्याहून चांगल्याच लहान आहेत. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला ताई म्हणतात. म्हणजे माझी मावशी ही माझी धाकटी बहीण. इथवर आमचं सुरळीत चाललं होतं. २०२४ च्या जूनमध्ये सरकारनं 'माझी लाडकी बहीण' काढली आणि सगळा वंशवृक्ष उलटापालटा झाला. महिन्याला १,५०० रुपये, वय २१ ते ६५, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. मावशी सरकारच्या बहीण झाल्या. मी मात्र उत्पन्नामुळे बाहेर. म्हणजे मी सरकारची चुलत बहीण, ओवाळणीपुरती नाही. आणि माझी मावशी जर सरकारची बहीण, तर सरकार माझा मामा लागतो. हे नातं मी फार ताणत नाही, कारण मामा होणं आणि मामा बनवणं यात अंतर थोडंच असतं.

मावशींचा अर्ज भरायला मी बसले. तेव्हा असं निघालं, की आधारवर त्यांचं एक नाव आहे, रेशनकार्डावर दुसरं आणि बँकेच्या पासबुकावर तिसरं. तिन्ही इथं देत नाही, उगाच मामाच्या कानावर जायचं.

"मावशी, यातलं खरं कुठलं?"

"हे बापानं ठेवलेलं. हे लग्नात तांदळात लिहिलेलं. अन् हे बँकेतल्या पोरानं टायपिंगला चुकवलेलं."

"आणि तुम्हाला बोलावतात कुठल्या नावानं?"

"मला? सोनूची माय."

शेवटी तहसील, सेतू केंद्र, बँक अशी वरात काढून नावांचा मेळ घातला. बँकेत पुकारा झाला तेव्हा मावशी शांतपणे बाकावर बसून होत्या. बँकेतल्या बाईंनी माईकवर तेच नाव पुन्हा पुकारलं, मग आणखी एकदा. मावशी इकडेतिकडे बघून मला म्हणाल्या, "कोण हो ही बया? इतकं बोलवायलेत अन् उठंना."

पुढं २०२५ मध्ये ई-केवायसी आली. त्यात बहिणीच्या आधारबरोबर तिच्या नवऱ्याचं नाहीतर वडिलांचंही आधार मागितलं. भावाला बहीण ओळखू यायला दाजींची साक्ष! मावशींच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं.

"ताई, दाजी पळून गेला पुण्याला. अन् बाप तर कधीचाच गेला."

"मग आता?"

"आता काय. भावाला म्हणावं, एवढी बहीण लाडकी हाये तर दाजीला धरून आण. मलाबी त्याच्याशी बोलायचंय."

हे सगळं चालू असताना भाच्याचं लग्न निघालं आणि पत्रिका छापायचं काम माझ्याकडे आलं. पत्रिकेवर पुरुषांचं काम सोपं असतं. घोड्यावर बसलेला, घोड्यावरून उतरलेला, घोडं कधीच न पाहिलेला, सगळ्यांना सरसकट 'श्री.' लावायचं. बायकांची यादी आली की छापखानेवाला चष्मा पुसतो. आत्याच्या नावाशी तो अडला. आत्याचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली.

"ताई, श्रीमती टाकू की गं. भा.?"

"नुसतं नाव टाका."

"नुसतं बरं दिसत न्हाई. वाचणाऱ्याला कळत न्हाई, बाई कोण हाये ते."

"बाईच आहे हे कळतंय ना?"

"ते कळतंय. पण कितपत हाये ते कळत न्हाई."

मंत्र्यांनाही हा प्रश्न पडला होता. एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांच्या नावाआधी 'गंगा भागीरथी' लावावं, असा प्रस्ताव तयार करायला सांगितलं होतं. गदारोळ झाला, आणि मग ही नुसती चर्चा आहे, निर्णय नाही, असा खुलासा आला. तेव्हा आत्या माझ्याच घरी होती, बादल्या भरून ठेवत. तिनं बातमी ऐकली आणि म्हणाली, "नावाआधी आख्खी गंगा लावतायत, आणि नळाला पाणी आठ दिवसांनी. ती गंगा नावाला नको म्हणावं, टाकीत सोडा."

लग्नाला पुण्याहून पाहुणे आले. पाहुणे आले की त्यांना मकबरा दाखवावाच लागतो, तो या शहराचा नियम आहे. सोबत नणंदेची चौथीतली मुलगी होती. पाटी वाचून तिनं सुरुवात केली.

"मामी, बीबी म्हणजे कोण?"

"औरंगजेबाची बायको. दिलरस बानू बेगम नाव होतं. १६५७ मध्ये वारली. तिच्या मुलानं, आझमशहानं, हे उभं केलं."

"मग पाटीवर बीबी का लिहिलंय?"

"आदरानं."

"नाव कुठंच नाही लिहिलं?"

"नाव आहे ना, त्या मोठ्या दारावर कोरलंय म्हणतात."

"तिचं?"

"नाही. बांधणाऱ्यांचं. अताउल्ला आणि हंसपतराय."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यांना आदरानं काहीच नाही म्हणत का?"

मी तिला पेरू घेऊन दिला. तिखटमीठ जास्त लावून दिलं, म्हणजे थोडा वेळ तोंड गुंतून राहील.

आमच्या लेकीच्या पिढीनं हा गुंता परस्पर सोडवून टाकलाय. तिच्या मैत्रिणी घरी येतात, चार-पाच जणी, ओढण्या उडवत. आत येतात आणि एकमेकींना म्हणतात, "काय भावा!" सगळ्याच भावा. एक भावा रडत होती, दुसऱ्या भावानं तिला मिठी मारली. पलीकडच्या खोलीत सासूबाई दचकून उठल्या. "घरात मुलगे किती आलेत गं?" मी म्हटलं, "एकही नाही." "मग हे भाऊ कुठून?" चैत्रातलं हळदीकुंकू होतं त्या दिवशी. सासूबाईंनी त्या सगळ्या भावांना ओळीनं बसवून कुंकू लावलं, कैरीची डाळ आणि पन्हं दिलं, ओटीत हरभरे घातले. एक भावा म्हणाली, "आजी, थँक्यू." सासूबाई म्हणाल्या, "सुखी राहा बाबांनो."

मग सिडकोतल्या आमच्या भिशीतही हाकांवर एक ठराव आला. कारण वेगळंच होतं. कुणीतरी नव्या भाडेकरणीला 'आंटी' म्हटलं होतं आणि ती पोहे न खाता उठून गेली होती. चिटणीस बाई म्हणाल्या, हे बस झालं. आजपासून कुणी कुणाला काकू, आंटी, वहिनी म्हणायचं नाही. नावानं हाक मारायची. चुकेल तिला दहा रुपये दंड. टाळ्या पडल्या, ठराव एकमतानं पास झाला. मग चिटणीस बाई वही उघडून म्हणाल्या, "चला, नावं सांगा."

तेव्हा शांतता पसरली.

कुणालाच कुणाचं नाव माहीत नव्हतं. मोबाईल उघडले. कुणाच्या फोनमध्ये 'आर्यनची आई', कुणाच्यात 'पहिला मजला', कुणाच्यात 'कुत्रावाल्या काकू'. एकीनं मला 'हॉर्न वहिनी' म्हणून ठेवलेलं निघालं. मी तिला 'विरजण' या नावानं ठेवलं होतं, त्यामुळे फार बोलता आलं नाही. पहिल्या तासाभरात जो दंड जमला, तो भिशीच्या हप्त्याच्या वर गेला, कारण जी ती "अहो काकू, तुमचं नाव काय?" असंच विचारत होती.

सगळ्यांत शेवटी कोपऱ्यातल्या थोरल्या बाई राहिल्या. ऐंशीच्या आसपास असतील. नऊवारी, काखेत बटवा, कानाला यंत्र. सगळी कॉलनी त्यांना आजी म्हणते.

"आजी, म्हणजे आपलं, तुमचं नाव काय लिहू?"

"दहा रुपये काढ आधी," आजी म्हणाल्या.

चिटणीस बाईंनी दहा रुपये काढले.

"नाव असू दे. मला साहेब म्हणा."

"साहेब?"

"आमच्या ह्यांना तीस वर्षं ऑफिसात साहेब म्हणत होते. करायचे काय, तर सह्या. घरी सासू, सासरे, चार दीर, दोन नणंदा आणि हा साहेब, हे सगळं मी बघितलं. ते गेले तेव्हा साहेब गेले म्हणून माणसं रडली. जागा तेव्हापासून रिकामीच आहे."

आता नाही कोण म्हणणार? वहीत 'साहेब' लिहिलं गेलं. आठ दिवसांत कॉलनीच्या तोंडी ते बसलंसुद्धा. आजवर खुर्चीतून न हललेला वॉचमन त्यांना बघून उभा राहायला लागला. पाण्याचा टँकर चार चार तास यायचा नाही. साहेबांनी स्वतः फोन लावला, "साहेब बोलतेय, सिडकोतून," आणि टँकर अर्ध्या तासात गेटवर. ड्रायव्हर खाली उतरून साहेबांना शोधत होता. साहेब ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी बोटानं टाकी दाखवली.

पुढच्या महिन्यात भिशी जमली. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात हलवल्या आणि लेकीला एक उचलायला लावली. नाव निघालं ते नव्या भाडेकरणीचं. साहेबांनी हात पुढे केला, चिठ्ठी घेतली, चष्मा लावून वाचली, तिची नीट घडी घातली आणि बटव्यात ठेवली.

"पुन्हा काढ," त्या म्हणाल्या.

लेकीनं पुन्हा काढली.